स्पेलिंग चुकलेले नाही, ते लॅटिन आहे

सध्या एक मेसेज फिरतोय: जुन्या ब्रिटिश चांदीच्या नाण्यांवर स्पेलिंगच्या ढोबळ चुका आहेत, कारण टांकसाळीतले कारागीर निरक्षर होते, असे नाणे घरात सापडले तर लाखो रुपये पक्के. पुराव्यादाखल काही फोटोही आहेत.

‘राजा विल्यमचे नाव चुकले.’ नाही. मजकूर लॅटिन आहे आणि लॅटिनमध्ये विल्यमचा गुलिएल्मुस होतो. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरणे ही रोमन शिलालेखांपासूनची रीत. पहिल्या जॉर्जचे नावही असेच कोरलेले आहे.

‘ब्रिटनमध्ये एक टी जास्त.’ १८६८ पासूनच्या फ्लोरिनवर (दोन शिलिंगच्या नाण्यावर) आणि पुढे सातव्या एडवर्डच्या नाण्यांवर हा दुहेरी टी दिसतो. संक्षेपातले शेवटचे अक्षर दोनदा लिहिले की अनेकवचन, हा लॅटिनचा नियम. इंग्रजी संदर्भांत ‘पाने’ म्हणून दोनदा पी लिहितात, तसेच हे.

‘१८४९ च्या फ्लोरिनवर देवाचे नाव विसरले.’ विसरले कसले? ‘देवाच्या कृपेने’ हे शब्द मुळात त्या रचनेतच नव्हते. लोक मात्र खवळले, नाण्याला ‘गॉडलेस’ म्हणू लागले आणि टांकसाळप्रमुख रिचर्ड शील कॅथलिक असल्याने संशय थेट त्यांच्यावर. १८५१ च्या नव्या फ्लोरिनवर ते शब्द परतले.

आता कारागिरांचा मुद्दा. खऱ्या चुका आहेत, पण त्यांचे कारण निरक्षरता नव्हे. नाणे पाडायच्या ठशात प्रत्येक अक्षर वेगळ्या पंचाने (अक्षर कोरलेल्या धातूच्या दांडीने), तेही उलटे, ठोकावे लागे. १६९६ मध्ये कडा कातरलेली जुनी चांदीची नाणी परत घेऊन नवी नाणी पाडायचा प्रचंड उपक्रम निघाला. लंडन अपुरे पडले म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्कला तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. चेस्टरला देखरेखीला धूमकेतूवाले एडमंड हॅले, तर लंडनला टांकसाळीचे वॉर्डन आयझॅक न्यूटन! एवढ्या घाईत राजाच्या नावातले एखादे अक्षर गळले, तर नवल काय? पुढे यंत्रे सुधारली तरी १८७८ च्या काही सिक्सपेन्सवर (सहा पेनींच्या नाण्यावर) बीऐवजी डी पडून ‘ड्रिटानियार’ झालेच.

लाखोंचे काय? ‘ड्रिटानियार’ला संग्राहक जास्त पैसे मोजतात. पण साध्या, झिजलेल्या सिक्सपेन्समध्ये चांदी असते जेमतेम २.६ ग्रॅम, आणि ‘गॉडलेस’ फ्लोरिनही लाखांच्या संख्येने पाडले गेले होते. शिवाय ‘आधी कमिशन भरा’ म्हणणारे खरेदीदार भेटतात. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.

राहिला तो ‘अक्षर गायब’चा फोटो. ठशाच्या खाचेत तेल-मळ साचला तरी अक्षर उमटत नाही, पण त्याची जागा मोकळी राहते. पंच ठोकतानाच अक्षर राहिले असेल, तर शेजारची अक्षरे चिकटून बसलेली असतात. फोटोत जागा मोकळी आहे.