किरिबातीतला मॉर्मन पोरगा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तिथेच खाली उत्तर द्यायला बसलो होतो, पण लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: इथे ऑकलंडमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या एका अमेरिकन माणसाने तरुणपणी प्रशांत महासागरातल्या किरिबाती या बेटांच्या देशात मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी म्हणून दोन वर्षं काढली. त्याच्या तिथल्या दिनक्रमावर तो लेख होता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी धर्मांतराच्या धंद्याचं कौतुक केलं, श्रीमंत गोऱ्या पोराच्या समुद्रकाठच्या सहलीला कष्ट म्हटलं, आणि भोळ्याभाबड्या बेटवासीयांना कसं गंडवलं जातं यावर चकार शब्द काढला नाही. वर ‘आपल्याकडे पाड्यापाड्यांवर काय चालतं ते दिसत नाही का?’ असंही विचारलंत.

आधी सहलीचं बघू. तारावा हे किरिबातीचं मुख्य बेट म्हणजे प्रवाळाची लांबलचक पट्टी, एका अंगाला महासागर आणि दुसऱ्या अंगाला शांत, उथळ, हिरवंनिळं पाणी. अशा जागी त्या पोराला दोन वर्षं पोहायला बंदी! मॉर्मन मिशनऱ्यांना पोहणं वर्ज्यच असतं. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही, एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जायचं नाही. मिशनरी जोडीने राहतात, आणि हा जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात हवा. साडेसहाला उठायचं, धर्मग्रंथ आणि भाषा यांचा अभ्यास करायचा, मग पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पाटी लावून विषुववृत्ताजवळच्या उन्हात सायकल हाणायची. आठवड्यातला एक दिवस कपडे, बाजारहाट आणि घरच्यांना पत्र यांचा. कपडे बादलीत, हाताने. विहिरीचं पाणी मचूळ, साबणाला धड फेस येत नाही. शर्टाची कॉलर सगळ्यात आधी जाते, म्हणाला. मग शिवणीपासून उसवून, उलटी करून पुन्हा शिवून घ्यायची. घरी फोन करायचा तर वर्षातून दोनदा, नाताळ आणि मदर्स डे. आठवड्याला फोनची परवानगी मिळाली ती २०१९मध्ये, याच्या कितीतरी नंतर.

आणि मांडी. संध्याकाळी लोकांच्या घरी जायचं म्हणजे लाकडी मचाणावर चटईवर मांडी घालून बसायचं. सार्वजनिक बैठकीच्या मोठ्या मानेआबात तर तासन्‌तास. आपल्याला यात काय विशेष, पण अमेरिकेतल्या युटाच्या पोराच्या पायांची पंधरा मिनिटांत लाकडं होतात. बाहेर माडावर चढलेले पुरुष नीरेसाठी पोय (नारळाचा फुलोरा) छेदताना मोठमोठ्याने गाणी म्हणत असतात. ताजी गोड नीरा प्यायला हरकत नाही, आंबून तिची माडी झाली की मिशनऱ्याला निषिद्ध. चहा-कॉफीही निषिद्ध (मला तर हाच सर्वांत मोठा त्याग वाटतो). याला तुम्ही सहल म्हणत असाल तर म्हणा.

तुमचा खरा मुद्दा भोळ्या लोकांचा, आणि तो मला अजिबात मान्य नाही. मॉर्मन तिथे पोचले १९७०च्या दशकात. त्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधीच ख्रिस्ती धर्म तिथे पोचला होता. १८५७ साली हायरम बिंगहॅम हा अमेरिकन मिशनरी तिथल्या आबाइआंग बेटावर उतरला. ज्या ‘अमेरिकन बोर्ड’ नावाच्या मिशनरी संस्थेने त्याला पाठवलं, त्याच बोर्डाची माणसं १८१३मध्ये मुंबईत येऊन मराठी मिशन सुरू करून बसली होती. बिंगहॅमने तिथल्या भाषेला लिपी दिली, सगळं बायबल भाषांतरित केलं. १८८८मध्ये कॅथलिक आले आणि आज निम्म्याहून जास्त लोक कॅथलिक आहेत. म्हणजे हा पोरगा दार वाजवायचा ते ज्यांच्या पणज्यानेही बायबल वाचलं होतं त्यांचं. उलटतपासणी तेच याची करायचे, आणि एकोणीस वर्षांच्या पोराची तिथे भंबेरी उडायची. आपल्या पाड्यांची तुलना इथे लागू पडत नाही. पाड्यांवर जे चालतं त्यावर वाद घालायला मी तयार आहे, पण तो वेगळा लेख.

मॉर्मनांचा शिरकाव झाला तोही शाळेच्या वाटेने, आणि दार आतून उघडलं गेलं. तारावातल्या एका स्थानिक शाळेच्या मुलांना पुढे शिकायचं होतं, मॉर्मन चर्चने त्यांना टोंगा या दुसऱ्या बेटदेशातल्या आपल्या हायस्कुलात घेतलं. त्यातले काही बाप्तिस्मा घेऊन मिशनरी म्हणूनच परतले. पुढे ती शाळाच चर्चची झाली. हा सौदा होता हे मी नाकारत नाही. पण सौद्यात दोन बाजू असतात, आणि फी कुठे माफ होते हे आईबापांना नीट कळत होतं. आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या रांगेत उभे राहणारे आईबाप भोळे असतात का?

तुमच्या डोळ्यांसमोर जो मिशनरी आहे तो गोराच असतो, हीसुद्धा अर्धीच गोष्ट. याचा पहिला जोडीदार त्याच देशातला होता. भाषा, मासा सोलणं आणि कुणासमोरून जाताना किती वाकायचं हे सगळं त्याने याला शिकवलं. जानेवारी २०२२मध्ये सीमा उघडल्यावर फिजीहून जे पहिलं विमान आलं, ते याच चर्चने भाड्याने घेतलेलं. त्यात परदेशी अडकलेले किरिबातीचे ५४ नागरिक होते, बरेचसे मिशन संपवून घरी येणारे. त्यातले ३६ कोरोनाबाधित निघाले आणि दोन वर्षं जवळपास कोरोनामुक्त राहिलेल्या देशात टाळेबंदी लागली. लस, चाचण्या, फिजीतलं विलगीकरण, सगळं करूनही. यावरून चर्चला झोडायचं तर झोडा, पण ती मुलं तिथलीच होती, आपल्या घरी येत होती.

टीका करायचीच तर मी दुसरीकडे करीन. अठरा वर्षांच्या मुलाचा फोन, मैत्री, झोप, सगळं नियमात बांधायचं, आणि वर अमेरिकन घरांकडून त्याचा महिन्याचा खर्चही घ्यायचा, २०२०पासून ५०० डॉलर. ही वर्गणी घेणाऱ्या चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला २०२३मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने मिळून ५० लाख डॉलर दंड केला, गुंतवणूक कागदी कंपन्यांआड लपवल्याबद्दल. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८पर्यंत पौरोहित्य नव्हतं, हेही आहेच. माझ्या सहकाऱ्याने पुढे ते चर्च सोडलं. किरिबाती भाषा मात्र सोडली नाही. इथल्या किरिबाती कुटुंबांत दवाखान्याचं पत्र आलं की वाचून घ्यायला त्यालाच बोलावतात.

राहिला तुमचा शेवटचा टोला, ‘याचा मराठी वाचकाशी संबंध काय?’ संबंध आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. मुंबईपुण्यात त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही आणि थोड्याच वर्षांत त्याने गाशा गुंडाळला. त्याच्यावर लिहायचं मनात आहे. त्या काळातल्या पुणे छावणीबद्दल कुणाकडे जुने कागद, कात्रणं असतील तर जरूर कळवा. तुम्हीही.