एक पीडीएफ उघडायचीय फक्त, त्यासाठी किती छळाल?

मला कोणीतरी सांगा, लाईट बिलाची पीडीएफ बघायला माणसाने नक्की किती सहन करायचं? एक पानाचं बिल आहे. ते दिसलं पाहिजे, बस. त्याच्यासाठी टाकलेल्या पीडीएफच्या ॲपमध्ये आधी स्क्रीनभर पत्त्यांच्या गेमची जाहिरात, मग काउंटडाऊन संपायची वाट बघा, मग कोपऱ्यात बारीकशी फुली येणार, ती दाबली तर प्ले स्टोअरच उघडतं, परत मागे या, आता दुसऱ्या कोपऱ्यात अजून एक फुली, ती खरी. ती दाबली की "प्रीमियम घ्या"चं पान. त्यात भलंमोठं निळं बटन, फ्री ट्रायल सुरू करा, आणि त्याच्या खाली पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरात, जाहिरातींसह पुढे जा. सगळं इंग्लिशमध्ये. आमचे बाबा सत्तरीच्या पुढचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना ते करडं दिसणार आहे का? त्यांनी निळं दाबलं. कोणीही निळंच दाबेल, ते दाबलं जावं म्हणूनच तसं बनवलंय आणि याचा मला जास्त संताप येतो. कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलंय की म्हाताऱ्या माणसाला दिसणार नाही असा रंग कुठला.

तीन दिवस फ्री आणि मग दर आठवड्याला पैसे. आठवड्याला! अहो पेपरवाला रोज पहाटे येऊन पेपर टाकतो तो पण महिन्याने बिल घेतो. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना द्यायची हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तशी ती आलीही होती, इंग्लिशमध्ये, लोनच्या आणि ऑफरच्या मेसेजच्या ढिगात, वाचतंय कोण. बाबांना कळलं ते थेट पैसे कापल्याचा मेसेज आल्यावर, आणि त्यांना वाटलं कोणीतरी खात्यावर हात मारला, रात्री धड जेवले नाहीत, मला फोन, अरे माझे पैसे कोणीतरी काढतंय. बरं ॲप तर त्यांनी आधीच काढून टाकलं होतं, जाहिरातींना वैतागून. तरी पैसे जातायत. कारण ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही! हे किती जणांच्या आईवडिलांना माहितीये? आत्ता हे वाचताय ना, तर आजच घरच्यांचा फोन हातात घ्या, प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे त्यांच्या फोटोवर दाबा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथे काय काय चालू आहे ते बघा आणि रद्द करा. मग यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून असतं तिथेही बघा, कुठलं मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, जिवंत आहे ते.

आणि हे एक ॲप नाहीये हो. आईच्या फोनवर वेगळाच तमाशा. तिने कोणाचा तरी फोन घेतला आणि ठेवला की स्क्रीनवर भलतंच पान, वर कॉल किती मिनिटं झाला ते, खाली जाहिरात. तिला वाटायचं फोनच असा आहे. शोधत बसलो तर निघालं कॅलेंडरचं ॲप. चतुर्थी कधी आहे ते बघायला टाकलेलं. कॅलेंडरला कॉलची परवानगी कशाला पाहिजे? तर कॉल कधी संपतो ते कळावं म्हणून, म्हणजे बरोबर त्या क्षणाला जाहिरात तोंडावर मारता येते, कारण तेव्हा माणूस फोनकडे बघत असतोच. सोबत "इतर ॲप्सच्या वर दिसू द्या" ही परवानगी. पहिल्यांदा उघडताना एकामागून एक विचारतात, तुम्ही होय होय करत जाता कारण तुम्हाला चतुर्थी बघायचीय. ही परवानगी काढायची तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग स्पेशल ॲक्सेस, मग ती यादी. माझ्या आईने हे कधी शोधायचं?

फोन साफ करणारी ॲप्स तर मला बघवत नाहीत. तुमचा फोन स्लो झालाय, तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत, लाल लाल त्रिकोण दाखवून घाबरवायचं. अँड्रॉइड स्वतःची मेमरी स्वतः सांभाळतं. ही साफ करणारी ॲप्स मागे चालू असलेली बाकीची ॲप्स सारखी बंद करतात, मग ती परत पहिल्यापासून उघडावी लागतात, त्यात वेळही जातो आणि बॅटरीही. म्हणजे ज्या दुखण्याचं औषध म्हणून विकतात तेच दुखणं देतात.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू का. चांगली ॲप्स नासवली जातात त्याची. आपण बघून, रिव्ह्यू वाचून, नीट ॲप टाकलं, वर्षानुवर्षं ते मुकाट काम करतंय, आणि मग एका रात्री अपडेट येतं आणि आतला मालकच बदललेला असतो. बारकोड स्कॅनर नावाचं एक साधं ॲप होतं, एक कोटीच्या वर लोकांनी घेतलेलं, २०२० च्या डिसेंबरमधल्या अपडेटनंतर ते आपोआप ब्राउझर उघडून जाहिराती दाखवायला लागलं. लोक फोन फॉरमॅट करायला निघाले, स्कॅनरवर संशय येणार कोणाला, तो तर जुना! कागद स्कॅन करायच्या कॅमस्कॅनर ॲपच्या जाहिरातींच्या कोडमध्ये २०१९ ला कॅस्परस्की या अँटीव्हायरसवाल्या कंपनीला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, सापडला, त्यावर आख्ख्या देशाने आधारकार्डं आणि मार्कशीटा स्कॅन केल्या होत्या. आणि सिंपल मोबाइल टूल्स नावाचा ॲप्सचा संच, ज्यात गॅलरी, फाइल मॅनेजर, कॅलेंडर सगळं स्वच्छ, जाहिरात नाही, फालतू परवानगी नाही, मी स्वतः दहा जणांना टाकून दिलेलं. २०२३ च्या शेवटी विकलं गेलं, आणि घेतलं कोणी तर जाहिराती आणि सबस्क्रिप्शनवर ॲप्स चालवणाऱ्या कंपनीने. नशीब सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ प्रोग्राम, सगळ्यांना खुला होता म्हणून ती ॲप्स बनवण्यात हात असलेल्या एकाने फॉसिफाय नावाने तीच ॲप्स पुढे चालू ठेवली. पण ज्यांना हे कळलंच नाही त्यांच्या फोनवर अजून जुनंच आहे, ऑटो अपडेट चालू ठेवून.

कॉम्प्युटरवर तरी सुख आहे का? विंडोजमधला सॉलिटेअर १९९० पासून सोबत यायचा, साधा, पत्ते हिरव्या टेबलावर, जिंकलात की उड्या मारायचे. ऑफिसात, सायबर कॅफेत, सगळ्यांनी माउस त्याच्यावरच शिकला. विंडोज १० आलं २०१५ ला आणि त्यात पत्ते खेळतानाही जाहिराती, नको असतील तर पैसे भरा. पत्ते आहेत हो ते! आणि काहीही डाउनलोड करायला जा, एका पानावर हिरवी डाउनलोडची बटनं चार, त्यातलं खरं एक आणि तेच सगळ्यात लहान. चुकून दुसरं दाबलं की ब्राउझरला नवीन टूलबार, होमपेज बदललेलं, आणि कुठला तरी अँटीव्हायरस मी न सांगता घरात.

आता कोणीतरी म्हणणारच की फुकट पाहिजे मग जाहिराती बघा, डेव्हलपरने खायचं काय. मी पैसे द्यायला तयार आहे! मनापासून तयार आहे. तीनशे घ्या, पाचशे घ्या, एकदा घ्या आणि मला माझं पीडीएफ उघडू द्या. पण तो पर्यायच ठेवत नाहीत, कारण फसून भरणाऱ्याकडून जास्त मिळतात. आणि फुकट म्हणजे असंच असतं हेही खोटं आहे. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी घ्या, एवढी वर्षं झाली, कुठलाही व्हिडिओ टाका, चालतो, एक जाहिरात नाही, आणि ते चालवणाऱ्या माणसाने जाहिराती घालायला आलेल्या मोठमोठ्या ऑफर नाकारल्यात. झिप फाइल उघडायचं सेव्हन-झिप तसंच. म्हणजे जमतं. ज्यांना माणसाची थोडी तरी चाड आहे त्यांना जमतं.

कायदा नाही असंही नाही. आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला नियम काढले, १३ प्रकारच्या फसव्या डिझाइनना बंदी, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा आहे, सारखं सारखं टोचत राहणं आहे, लपवलेली जाहिरात आहे, बाबांसोबत जे जे झालं ते जवळपास सगळं त्यात लिहिलेलं आहे. गूगलचा स्वतःचा नियम आहे की स्क्रीनभर जाहिरात १५ सेकंदांत बंद करता आली पाहिजे. मग ही ॲप्स गूगलच्याच प्ले स्टोअरवर वरच्या नंबरला, साडेचार स्टार घेऊन, कशी बसलीत? तपासतंय कोण? मी रिपोर्ट केलं, आभारी आहोत असा मेल आला, ॲप अजून तिथेच आहे.

मी दोघांचेही फोन पूर्ण साफ करून दिलेत. पीडीएफ आता फोनमध्ये आधीपासून असलेल्या गूगल ड्राइव्हमध्येच उघडते, वेगळं ॲप लागतच नव्हतं. कॅलेंडर भिंतीवरचं बघते आई. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं सेटिंग लावलं. पण बाबांचा फोन स्वस्तातला, आणि कंपनीने स्वतः घालून दिलेलं जे फाइल मॅनेजर आहे ना, त्यात सुद्धा फोल्डरच्या यादीच्या मधोमध जाहिरात येते. पूर्ण पैसे मोजून घेतलेला फोन आहे तो, हप्ता नाही, उधारी नाही. ते काढायला गेलो तर अनइन्स्टॉलचं बटनच नाही, आणि डिसेबलचं आहे ते दाबता येत नाही.