ओबामा इलिनॉयमध्ये नुसता बसून नव्हता

परत तोच मेसेज सगळीकडे फिरतोय, की ओबामा म्हणजे २००४ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या एका भाषणाची कमाई, त्याआधी इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात) आठ वर्षं 'प्रेझेंट' म्हणजे 'हो'ही नाही नि 'नाही'ही नाही, नुसतं हजर, एवढं म्हणण्यापलीकडे काही केलं नाही, कायदा एकही नाही, आणि पुढचं सगळं पक्षाने आयतं दिलं. खूप चुकीचं आहे हे.

'प्रेझेंट'चं आधी घेऊ. साधारण चार हजार मतदानांपैकी १२९ वेळा त्याने तसं मत दिलं, हे खरंय. पण तिथे सिनेटच्या जागा ५९ आणि बिल पास व्हायला ३० 'हो' लागतातच, हजर कितीही असोत, म्हणजे 'प्रेझेंट' दिलं काय नि 'नाही' दिलं काय, बिलाला फरक पडत नाही. गर्भपाताच्या बिलांवर तर गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहूड या संस्थेशी ठरवून असं मत दिलं होतं. ही चाल पटो न पटो, कामचुकारपणा नाहीये तो.

आता कायदे. १९९७ पासून २००२ संपेपर्यंत सिनेट रिपब्लिकनांच्या हातात, ओबामासारख्या विरोधी बाकावरच्या डेमोक्रॅटचं बिल कमिटीतच अडकायचं, तरी १९९८ मध्ये रिपब्लिकनांना सोबत घेऊन आमदारांच्या भेटवस्तूंवर बंधनं आणणारा कायदा झाला त्यात हा होता. आणि २००३ चं काम तर मला सगळ्यात मोठं वाटतं. इलिनॉयमध्ये १९७७ पासून २००० पर्यंत १२ जणांना फाशी झाली होती आणि १३ जण फाशीच्या कोठडीतून निर्दोष सुटले होते, शिकागोत पोलिसांनी छळ करून कबुलीजबाब घेतल्याची प्रकरणं बाहेर येत होती, अशा वेळी याने खुनाच्या संशयितांच्या चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं करणारं बिल आणलं. पोलीस विरोधात, सरकारी वकील विरोधात, गव्हर्नर ब्लागोयेविचसुद्धा सुरुवातीला नाही म्हणत होता. सगळ्यांशी बोलत बोलत, शब्द बदलत, शेवटी सिनेटमध्ये एकही विरोधी मत न पडता ते पास झालं, आणि कायदा करून अशी सक्ती आणणारं इलिनॉय हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. निरपराध माणूस फासावर जाऊ नये म्हणून केलेल्या कामाला 'काहीच नाही' कसं म्हणवतं लोकांना?

सिनेट अध्यक्ष एमिल जोन्सने त्याला मोठी बिलं दिली, त्यातल्या काहींवर आधी दुसरे राबले होते, हा आक्षेप मान्य आहे मला. पण बिल हातात देणं वेगळं आणि पोलीस संघटनांना टेबलावर आणून बसवणं वेगळं.

आणि आयतं कसलं? २००० मध्ये काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, पक्षातल्याच विद्यमान खासदार बॉबी रशसमोर उभा राहिला तर रशला त्याच्या दुप्पट मतं पडली. त्याआधी बंदुकांच्या एका महत्त्वाच्या बिलावेळी मुलगी आजारी म्हणून हवाईत अडकला होता, मतदान चुकलं, त्यावरून शिकागोत भरपूर शिव्या खाल्ल्या. हरल्यावर परत स्प्रिंगफील्डला, इलिनॉयच्या राजधानीत, त्याच बाकावर जाऊन बसला, आणि चौकशीच्या रेकॉर्डिंगचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी झालाय.