कशाचा राजा?

रविवारी दुपारी जेवून आडवं व्हायचं सोडून मी एका मराठी ऑनलाइन ज्ञानकोशातली ब्रिटिश राजांची यादी नीट करायला बसलो. नाव, कधीपासून, कधीपर्यंत. अर्ध्या तासाचं काम. रात्री साडेअकरा वाजले तरी मी राणी अ‍ॅनपाशीच घुटमळत होतो.

आमची यादी सुरू होते 927 च्या अ‍ॅथलस्टनपासून. तो इंग्लंडचा. ब्रिटन हे राज्य अस्तित्वात आलं 1 मे 1707 ला, इंग्लंड आणि स्कॉटलंड कायद्याने एक झाले तेव्हा. अ‍ॅन तर 1702 पासून गादीवर. म्हणजे बाई तीच, पण आधी दोन वेगळ्या राज्यांची राणी आणि पाच वर्षांनी एका नव्याच राज्याची. तिला एका ओळीत लिहायचं की दोन?

मूळ दुखणं त्याही आधीचं. 1603 मध्ये पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. गाद्या दोन, बसणारा एक. (ती वारली 24 मार्चला. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, म्हणून तिथल्या कागदांत तो 1602 चा शेवटचा दिवस! स्कॉटलंडात मात्र 1603 लागून गेलेलं. तारखांच्या रकान्यावर एक वेगळी पोस्ट होईल.)

आपल्याकडे नुसतं ‘शाहू महाराज’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: साताऱ्याचे की कोल्हापूरचे? मग जेम्सला तोच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? स्कॉटिश लोकांनी तर तो फार जोरात विचारला. 1952 मध्ये एलिझाबेथ ‘दुसरी’ गादीवर आली, पण स्कॉटलंडात पहिली झालीच नव्हती. नावापुढे तो आकडा असलेली नवी टपालपेटी एडिंबरात बसवली, तर 1953 च्या फेब्रुवारीत कुणीतरी ती स्फोटानं उडवून दिली.

म्हणून माझा हट्ट एकच: यादीत ‘कशाचा राजा’ असा रकाना हवा. एका सहसंपादकांचं म्हणणं, यादी पसरट होते, वाचकाला एवढं नको असतं. होऊ दे की पसरट.

आणि मराठी यादीत तर तो हवाच. आमच्या आजीच्या डब्यात दोन राणीछाप रुपये होते. लहानपणी मला दोन्ही सारखेच वाटायचे. 1862 च्या रुपयावर ‘क्वीन’ आहे आणि 1884 च्या रुपयावर ‘एम्प्रेस’. मधे 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी आपली सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरवली गेली. टांकसाळीनं जो फरक पाळला, तो आपण यादीत पाळायचा नाही?

मीही शहाणा नाही. सहाव्या जॉर्जपुढे ‘भारताचा सम्राट, 15 ऑगस्ट 1947 पर्यंत’ असं बिनधास्त ठोकलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडलं. सम्राट ही पदवी त्यानं सोडली 22 जून 1948 ला, आणि राजा तर तो 26 जानेवारी 1950 पर्यंत होता. स्वतंत्र भारताचा. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते ते कागदोपत्री त्याचेच प्रतिनिधी म्हणून. दुसरी एलिझाबेथ आली तोवर आपण प्रजासत्ताक झालो होतो, त्यामुळे ती भारताची राणी कधीच नव्हती. पाकिस्तानची मात्र होती, 1956 पर्यंत. नुसत्या नाव-सनावळीत यातलं काय दिसणार?

आता अडलंय ते लेडी जेन ग्रेपाशी. 1553 च्या जुलैत जेमतेम नऊ दिवस इंग्लंडची राणी, मग थेट कैद. सध्या तिला क्रमांक न देता मेरीच्या वरच्या ओळीत बसवलीय. कुणाचा आक्षेप असेल तर चर्चापानावर या, मी जागाच आहे.