बिस्मार्कची लाच आणि आपले दीड हजार

लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवरून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली. ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याचा मला आता कंटाळा आहे. राग येतो तो डाव्या मित्रांचा. राज्यसंस्था ही भांडवलदारांची कार्यकारी समिती, कल्याणकारी योजना म्हणजे कामगाराला गप्प बसवायची लाच, एवढं म्हणून ते मोकळे होतात.

मी जर्मनीत, डोर्टमुंडला राहतो. ही लाच पहिल्यांदा दिली गेली ती याच देशात. 1878 साली चान्सलर बिस्मार्कने समाजवाद्यांच्या संघटना, सभा, वृत्तपत्रं बंद पाडली आणि 1883 साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला. कामगारांना समाजवादी पक्षापासून तोडायचं, हा हेतू उघड होता. पण विम्याच्या वर्गणीत दोन तृतीयांश वाटा कामगारांचा, म्हणून कारभारातही दोन तृतीयांश जागा त्यांच्या. बघता बघता समाजवादी कार्यकर्तेच क्रांकेनकासेचा, म्हणजे या आजारपण विमा निधीचा, कारभार पाहू लागले. 1890 च्या निवडणुकीत सर्वाधिक मतं त्यांच्याच पक्षाला पडली. मार्क्सवादी परंपरेतूनच आलेल्या जर्मन समाजशास्त्रज्ञ क्लाउस ऑफेने म्हटलंय की भांडवलशाहीला कल्याणकारी राज्य सोसवत नाही आणि त्याच्यावाचून जगताही येत नाही. मग त्या पेचात हात घालायचा सोडून नुसती लाच-लाच काय करायची?

आमच्या मुलींचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारचा बालभत्ता, दरमहा खात्यात येतं. वरच्या मजल्यावरच्या सर्जनच्या मुलालाही तेवढंच. त्यावर कुणा नेत्याचा फोटो नाही, कुणी ओवाळून घेत नाही. दीड हजार मात्र कायद्याने नाही, नुसत्या शासन निर्णयाने आले, तसेच जाऊही शकतात. डाव्यांनी भांडावं ते यावर.

आणि आपल्याला हे नवीन नाही. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला, मागेल त्याला काम हा हक्क झाला. त्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. बाबांच्या पगारपत्रकातली ती ओळ मला अजून दिसते. त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

“तू तिकडे बसून बोलू नकोस,” असं एकाने लिहिलं. ते लागलं. सरकारी कॉलेजात जवळजवळ फुकट शिकलो आणि कर मात्र जर्मनीला भरतो, हे मला कुणी सांगायला नको. इथे मला मत नाही, तिथे मतदानाला पोचता येत नाही. तरी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एखाद्या बाईला ते पैसे हक्क म्हणून मिळतात की मेहेरबानी म्हणून, हे माझं भांडण आहे आणि मी ते भांडणार.