हार्डशिपला दुर्दैव म्हणू नका

मिसहॅप, मिसफॉर्च्युन, कॅलॅमिटी आणि हार्डशिप हे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. लोकलच्या गर्दीत चष्मा फुटला, तो मिसहॅप. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, ती कॅलॅमिटी. अख्ख्या शहरावर एकदम कोसळलेली. पण १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातल्या चाळींनी वर्षानुवर्षं जे सोसलं, पगार बंद, दागिने गहाण, पोरांची शिक्षणं अर्धवट, ती हार्डशिप. (आमच्या शेजारीच पाहिलंय.) तिथे कुणी मिसफॉर्च्युन, म्हणजे दुर्दैव, लिहिलं की मला राग येतो. त्या शब्दात सगळा बोल नशिबाला लागतो आणि गिरण्यांबाबत निर्णय घेणारे नामानिराळे राहतात.