777 दिलं तरी 403 जात नाही: एन्जिनएक्सच्या ‘रामबाण’ सेटिंग्जचा प्रतिवाद

नवा सर्व्हर घेऊन त्यावर एन्जिनएक्स (ब्राउझरला साइटची पानं देणारा वेब सर्व्हर) बसवलं, की कुणीतरी एक यादी पाठवतंच. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच असतं: वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) 16 करा आणि प्रत्येकाला 65535 कनेक्शन द्या, 403 (‘प्रवेश नाकारला’ ही एरर) आला तर फोल्डरला 777 (सगळ्यांना सगळी मुभा) द्या, अपलोडची मर्यादा शून्य करा, जीझिप (पाठवण्याआधी फाइल दाबून लहान करणं) 9 वर ठेवा, सर्व्हर_टोकन्स बंद केलं की सर्व्हर सुरक्षित, आणि प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट मारा. यातली प्रत्येक सेटिंग अस्तित्वात आहे, म्हणूनच यादी पटते. घोळ आहे तो आकड्यांत आणि त्यांच्यामागे दिलेल्या कारणांत. पुढचं सगळं मुख्यतः उबुंटू-डेबियनवरचं एन्जिनएक्स धरून लिहिलं आहे.

‘403 आला? सीएचमॉड 777 द्या.’

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून आधी हेच. समजा साइटच्या फाइली /होम/दुकान/साइट इथे आहेत. एन्जिनएक्सचे वर्कर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालतात. फाइल उघडायला त्या फाइलवर रीड परमिशन हवीच, पण तिथवर पोचायला वाटेतल्या एकूण एक फोल्डरवर एक्झिक्यूट परमिशन लागते. उबुंटूमध्ये 21.04 पासून नव्या युजरचं होम फोल्डर 750 असतं (मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना प्रवेश नाही). म्हणजे आतल्या साइट फोल्डरला तुम्ही 777 द्या नाहीतर काहीही द्या, वर्कर /होम/दुकान याच्या उंबऱ्यावरच अडतो. आतल्या खोल्यांची दारं सताड उघडी आणि फाटकाला कुलूप!

हे बघायला ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ द्या. वाटेतलं प्रत्येक फोल्डर एकेका ओळीत, परमिशनसकट दिसतं. ज्या ओळीत परमिशनच्या शेवटच्या तीन जागांवर नुसत्या आडव्या रेघा आहेत, तिथे गाडी अडली आहे. साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली हलवा, फोल्डर 755 आणि फाइली 644 ठेवा (वाचणं सगळ्यांना, लिहिणं फक्त मालकाला). लिहिण्याची मुभा फक्त अपलोडच्या फोल्डरला, तीही साइटचा पीएचपी कोड ज्या युजरने चालतो त्यालाच.

यादीतला सल्ला ‘-आर’ (आतल्या सगळ्यासकट) लावून थेट होम फोल्डरवर चालवणारेही आहेत. मग 403 जातो खरा, पण पुढच्या वेळी एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) तुमची की, म्हणजे लॉगिनची किल्ली, घेत नाही. होम फोल्डर किंवा त्यातलं .एसएसएच इतरांना लिहिण्याजोगं असेल, तर एसएसएच सर्व्हर ती की नाकारतो. स्ट्रिक्टमोड्स ही सेटिंग मुळातच चालू असते. पासवर्डने लॉगिन बंद ठेवलेलं असेल, तर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभे.

शिवाय प्रत्येक 403 परमिशनचा नसतो. एरर लॉग उघडा. ‘13: परमिशन डिनाइड’ असेल तर वरचा मामला. ‘डिरेक्टरी इंडेक्स ऑफ … इज फॉरबिडन’ असेल तर फोल्डरात इंडेक्स फाइलच सापडलेली नाही. परमिशनला हात लावायचं कारणच नाही. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर परमिशन बरोबर असूनही 13 आला, तर एसईलिनक्स (परमिशनखेरीज फाइलींच्या लेबलांवर चालणारी वेगळी सुरक्षा) बघा. होममधून ‘एमव्ही’ने आणलेल्या फाइली जुनं लेबल घेऊनच येतात; ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ने ते दुरुस्त होतं.

‘वर्कर 16, कनेक्शन 65535.’

एक वर्कर एकाच वेळी शेकडो-हजारो कनेक्शन सांभाळतो. एन्जिनएक्सची रचनाच तशी आहे. दोन कोअरच्या मशीनवर 16 वर्कर म्हणजे दोन शेगड्यांपुढे 16 आचारी. वर्कर_प्रोसेसेस ‘ऑटो’ ठेवा, कोअर मोजून तो आकडा आपला आपण ठरतो.

65535 लिहून कॉन्फिग टेस्ट केली, की बहुतेकदा वॉर्निंग येते: ‘65535 वर्कर_कनेक्शन्स एक्सीड ओपन फाइल रिसोर्स लिमिट: 1024’. प्रत्येक कनेक्शनला एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा किंवा कनेक्शनचा सिस्टिमकडचा क्रमांक) लागतो आणि सिस्टिमने 1024 च दिलेत. वर्कर_आरलिमिट_नोफाइल (ही मर्यादा) न वाढवता कनेक्शन वाढवणं म्हणजे कागदावरची वाढ. आणखी एक, एन्जिनएक्स मागच्या ॲपकडे प्रॉक्सी करत (विनंती पुढे पाठवत) असेल तर एका पाहुण्यामागे दोन कनेक्शन खर्ची पडतात, एक ब्राउझरकडचं आणि एक ॲपकडचं. उबुंटूच्या फाइलीत 768 असतं. लहान साइटला ते पुरतं. लॉगमध्ये ‘वर्कर_कनेक्शन्स आर नॉट इनफ’ दिसायला लागेल तेव्हा वाढवा, दोन्ही आकडे बरोबरीने.

‘अपलोडची मर्यादा शून्य करा.’

क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ न लिहिल्यास 1 एमबी असतं, म्हणून मोबाइलवरचा फोटो चढवताना 413 (‘मजकूर फार मोठा’ ही एरर) येतो. शून्य म्हणजे तपासणीच बंद. प्रॉक्सी करताना एन्जिनएक्स आलेला मजकूर आधी स्वतःकडे पूर्ण साठवतं, मोठा असेल तर डिस्कवर, आणि मगच ॲपकडे देतं. म्हणजे कुणीही उपटसुंभ तुमची डिस्क भरून टाकू शकतो.

एवढं करून अपलोड चालेलच असंही नाही, कारण पीएचपीची स्वतःची मर्यादा वेगळी: अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ 2 एमबी, पोस्ट_मॅक्स_साइझ 8 एमबी. 20 एमबीची फाइल घ्यायची असेल तर पीएचपीत हे अनुक्रमे 20 आणि 24 करा, एन्जिनएक्समध्ये 25, तेही शक्यतो अपलोडच्याच लोकेशन ब्लॉकमध्ये. मग पीएचपी-एफपीएमही (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा. हे हटकून राहतं.

‘जीझिप 9.’

5-6 च्या पुढे फाइल जेमतेम आणखी लहान होते, प्रोसेसर मात्र घाम गाळतो. खरी गोम दुसरीकडेच आहे. उबुंटूच्या फाइलीत जीझिप चालू असतं, पण जीझिप_टाइप्सची ओळ कॉमेंट केलेली (म्हणजे निष्क्रिय) असते. त्यामुळे फक्त एचटीएमएल दाबलं जातं. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट जसंच्या तसं जातं. ती ओळ उघडा. जेपीईजी तिच्यात घालू नका, ते आधीच दाबलेलं असतं.

‘सर्व्हर_टोकन्स बंद, सर्व्हर सुरक्षित.’

बंद करा, हरकत नाही. फक्त व्हर्जनचा आकडा लपतो. हेडरमध्ये एन्जिनएक्स हे नाव राहतंच. आपोआप चाळणी करणारे बॉट व्हर्जन विचारत बसत नाहीत, ते थेट /.ईएनव्ही आणि /.गिट/कॉन्फिग (गुपितं असू शकणाऱ्या फाइली) मागतात. रूट (साइट कुठल्या फोल्डरातून द्यायची ती सेटिंग) प्रोजेक्टच्या फोल्डरवर न लावता आतल्या पब्लिक फोल्डरवर लावा. टिंबाने सुरू होणाऱ्या पाथना ‘डिनाय ऑल’ द्या, पण .वेल-नोन वगळून, नाहीतर लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत) एचटीटीपीएस सर्टिफिकेट रिन्यू होताना अडेल.

‘बदल केला की रीस्टार्ट.’

रीस्टार्टमध्ये चालू सर्व्हर आधी थांबतो. नव्या फाइलीत एक अर्धविराम लिहायचा राहिला असेल तर सर्व्हर परत उठत नाही आणि साइट बंद. रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस आधी नवी फाइल तपासते. चूक निघाली तर जुन्याच सेटिंगवर काम चालू ठेवते. म्हणून आधी ‘एन्जिनएक्स -टी’ (लहान टी), मग रीलोड.

रीलोड करूनही बदल दिसत नाही, ही तक्रार असणारे नेमके रीस्टार्टकडे वळतात, आणि त्यानेही काही होत नाही. साइट्स-एनेबल्ड फोल्डर तपासा. उबुंटूत त्या फोल्डरातली प्रत्येक फाइल वाचली जाते, एक्स्टेंशन काहीही असो. ‘शॉप’ या फाइलीची प्रत कुणी ‘ओल्ड-शॉप’ नावाने तिथेच ठेवली असेल, तर वर्णक्रमाने ती आधी वाचली जाते आणि तीच लागू होते. तुम्ही खपून बदललेली फाइल बाजूला. टेस्टमध्ये फक्त ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम … इग्नोर्ड’ अशी वॉर्निंग येते आणि खाली ‘सक्सेसफुल’ असतं, त्यामुळे वरची ओळ कुणी वाचत नाही. ‘-टी’तला टी मोठा लिहा: एन्जिनएक्सने वाचलेलं सगळं कॉन्फिग फाइलींच्या नावांसकट छापून येतं. त्यात आपलं डोमेन किती वेळा येतं ते मोजा.